गेनूआप्पा आणि मागची सीट

एक सरळ प्रश्न विचारतो. तुमच्या गाडीला मोबाईलवर कुणा अनोळखी पोराने नावं ठेवली, तर तुम्ही काय कराल? दोन शिव्या हासडाल, व्हिडिओ बंद कराल आणि चहा प्याल. आमच्या विंझरच्या गेनूआप्पांनी त्या पोराला नोटीस बजावली.

नोटीस म्हणजे व्हिडिओखालची कमेंट. आप्पा तिला कमेंट म्हणत नाहीत. उभी हयात त्यांनी तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल म्हणून काढली. कुणाच्या दारावर कागद चिकटवायचा, कुणाला चावडीवर बोलावून आणायचं, कुठल्या बांधावर पंच उभे करायचे, हे सगळं त्यांच्या अंगात भिनलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी भोरच्या एका ठेकेदाराची जुनी पिकअप घेतली. डबल केबिनची, म्हणजे पुढे दोन सीट, मागे तिघांची एक सीट, आणि त्यामागे माल टाकायला उघडा हौदा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. आप्पा मला पुन्हा खुलासा मागतील.

तर व्हिडिओ बनवणारा तो पोरगा गॉगल लावून त्याच गाडीत बसला होता आणि कॅमेऱ्यात बघून म्हणत होता, "मागची सीट बसण्यासाठी नाही, शिक्षेसाठी आहे. घरच्यांना, विशेषतः गरोदर बाईला, यात चुकूनही बसवू नका."

आप्पांनी ते सात वेळा ऐकलं आणि मला बोलावणं धाडलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पत्रकं लिहिली जातात. पाणी न्हाई, एसटी न्हाई, रस्त्याला डांबर न्हाई, काहीही असलं तरी मजकूर आमच्याकडचा. म्हणून आप्पा मला नावाने हाकच मारत नाहीत.

"ए पत्रक, बस हितं. लिव."

मी मोबाईलवर टाईप करत गेलो आणि ते येरझाऱ्या घालत सांगत गेले. "मौजे विंझर येथील इसम नामे गेनू लिहून देतो की, आपण आमचे गाडीविषयी केलेले विधान पाहण्यात आले. सबब त्याचा खुलासा व्हावा. सात दिवसांत खुलासा न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल."

दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी हसणारा चेहरा टाकला. आप्पा म्हणाले, "पोचपावती आली."

तिथून आप्पांना नादच लागला. त्या गाडीवरचे जगातले सगळे व्हिडिओ त्यांनी शोधून काढले आणि एकेकाला कागद बजावायला सुरुवात केली. एकजण म्हणाला, ही गाडी वळवायला फार जागा लागते. आप्पांनी लिहायला लावलं, "आमचेकडे जागा आहे. येऊन पाहावे." दुसरा म्हणाला, आतलं प्लास्टिक हलकं आहे. उत्तर गेलं, "समक्ष वाजवून पाहिले. आवाज उत्तम आहे." एक परदेशी माणूस भलत्याच भाषेत बोलत होता. शब्द काही कळला नाही, पण गाडीभोवती फिरताना त्याने दोनदा मान हलवली. आप्पांनी त्यालाही सोडलं नाही. "मान का हलवली, खुलासा व्हावा."

भोरच्या आठवडे बाजाराला तीच गाडी असलेले आणखी दोघेजण एसटी डेपोसमोर चहाला भेटायचे. त्यातला एक बिचारा बोलून गेला, "पण आप्पा, मागची सीट जरा ताठच हाये की."

"माणसानं ताठच बसावं," आप्पा म्हणाले. "वाकून बसायला गाडी घेतली व्हय?" आणि अर्धा चहा तसाच टाकून उठले.

मला हे सगळं भयंकर आवडत होतं, हे कबूल करतो. मला त्यात लढा दिसत होता. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर रिकामी गाडी पळवायची, आणि घाटाखालच्या माणसाच्या कष्टाच्या गाडीचा निकाल लावायचा, हा अधिकार यांना दिला कुणी? मी मजकुरात एक-दोन ठिकाणी "जाहीर निषेध" घुसवला. आप्पांनी तो काढायला लावला. म्हणाले, "निशेद नगं. त्यानं शब्द माघारी घेतला पायजे, बास."

शब्द माघारी घेणं एवढं महत्त्वाचं का होतं, ते विंझरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आप्पांची एकुलती एक लेक सुवर्णा पुण्यात वारज्याला दिलेली, आणि तिला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी. तिच्या आईने, म्हणजे आमच्या पारूकाकींनी, डिंक आणि खोबरं आणून ठेवलं होतं. आप्पांनी डबल केबिन घेतली ती लेकीला आणायलाच. पण जावई अमोलराव हुशार माणूस. सासऱ्याची गाडी म्हणून त्यांनीही तोच व्हिडिओ पाहिला आणि फोन केला. "आप्पा, रागावू नका, पण त्या गाडीत तिला नाही पाठवणार. आणि भाड्याच्या गाडीने एवढा प्रवास करण्यापेक्षा इथंच होऊ दे बाळंतपण. दवाखाना जवळ आहे."

आप्पा फोनवर "बरं, बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर पारूकाकी म्हणाल्या, "गाडी भाड्यानं आणा की. लेक महत्त्वाची का गाडी?"

"त्यो भाड्याच्या गाडीलाबी न्हाई म्हणतोय," आप्पा म्हणाले. "त्याच्या डोक्यात आपला रस्ता, आपली गाडी, आपलं गाव, समदं एकदमच खराब झालंय. एक शब्द माघारी आला, की बाकीचं येईल."

म्हणून पंचनामा ठरला.

तुम्ही पंचनाम्याला हसाल. आप्पांनी आयुष्यभर पाहिलं होतं की बांध सरकला, गोठा जळाला, वीज पडली, काहीही झालं तरी पाच माणसांनी जागेवर जाऊन पाहिलं आणि सही केली की गोष्ट खरी ठरते. मग सीट का नाही ठरणार? त्यांनी गावातले पाच वजनदार पंच गोळा केले. वजनदार हा शब्द मी मापून वापरतो आहे. सीट तिघांची, पण पंच पाचच हवेत, तीन पंचांचा पंचनामा आप्पांच्या हिशेबी अर्धवट. त्यामुळे तिघे बसले आणि दोघे त्यांच्या मांडीवर बसले. दरवाजा मी बाहेरून ढकलून लावला. आप्पांनी गाडी मार्गासनीपर्यंत नेली आणि परत आणली.

"कुणाला दणका बसला का?" आप्पांनी विचारलं.

"दणका बसायला जागाच न्हवती, आप्पा," खालचा पंच म्हणाला.

"म्हंजी बसला न्हाई. पत्रक, लिव. एकाही पंचास दणका बसला नाही."

पाच सह्या झाल्या. एकाने सवयीने अंगठाही उठवला. मी कागदाचा फोटो काढला, पण कमेंटमध्ये फोटो जाईना, म्हणून सगळा मजकूर पंचांच्या नावांसकट टाईप करून त्या गॉगलवाल्याच्या व्हिडिओखाली बजावला. आणि काय सांगू, या वेळी खुद्द त्याचं उत्तर आलं. शब्द एकही नाही, फक्त जोडलेले दोन हात.

"हात जोडले," आप्पा म्हणाले. आवाजात विजय नव्हता, सुटल्यासारखं वाटणं होतं. "माफी मागितली पोरानं. चांगल्या घरचा दिसतोय. पाठव जावईबापूंना."

मी पाठवलं. संध्याकाळच्या आत अमोलरावांचा फोन. आप्पांनी स्पीकर चालू केला, कारण त्यांना वाटलं पंचांनीही ऐकावं.

"आप्पा, पंचनामा वाचला," अमोलराव म्हणाले. "सुवर्णाला काय चार माणसांच्या मधे कोंबून आणणार का?"

पंच एकेक करून उठले. आप्पांनी फोन कानाला लावला, पण तोवर तो बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. काखेत शालीत गुंडाळलेला एक लाल भोपळा.

"गाडी चालवतोस का? म्या मागं बसतो."

गाडी घेतल्यापासून आप्पा मागच्या सीटवर एकदाही बसले नव्हते. मालक मागं कशाला बसेल? ते आत चढले, शाल पोटाला बांधली, भोपळा त्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी धरला. मला आरशात दिसत होते. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, टोपी घातलेला माणूस, सातव्या महिन्यातला. मला हसू आवरेना.

"हसू नगं. म्होरं बघ," आप्पा म्हणाले. "आन्‌ नेहमीसारखी चालव. माज्यासाठी हळू नगं."

हौदा रिकामा होता. विंझर सोडलं, पहिला खड्डा आला, मागचे स्प्रिंगचे पाटे ताडकन उसळले. दुसरा आला. मी आरशात पाहिलं, तर आप्पा मिशीखाली ओठ दाबून बसले होते. मार्गासनीच्या अलीकडे गतिरोधक आहे. त्यावर गाडी चढली आणि आपटली, आणि मागून एक बारीकसा आवाज आला. भोपळ्याचा नव्हे.

मार्गासनीत मी गाडी बाजूला घेतली. आप्पा उतरले आणि भोपळा सांभाळत मोरीच्या कठड्यावर बसले.

"त्यो पोरगा खरं बोलत व्हता," ते म्हणाले.

मला राग आला. एवढ्या नोटिसा, एवढा पंचनामा, मी रात्रंदिवस विचार करून घातलेले शब्द. "आप्पा, त्याने रिकामी गाडी चालवून निकाल दिला. ही मालाची गाडी आहे. आपण ते मांडू. आपण माघार घेतली तर उद्या कुणीही—"

"काय म्हणलास?"

"आपण माघार घेतली तर—"

"त्याच्या आधी."

"रिकामी गाडी."

आप्पा उठले. "पोती आण," म्हणाले.

पहिली रिकामी धरून त्या दिवशी आम्ही चार खेपा केल्या. घरी येऊन आधी भाताची चार पोती टाकली, मग सहा, मग आठ. दर खेपेला आप्पा भोपळा पोटाला बांधून मागे. सहा पोत्यांना ते म्हणाले, "जीव हाये, पण सुख न्हाई." आठ पोत्यांना पाटे दबून बसले. मी वेग तीसवरून वीसवर आणला, आणि गतिरोधकावरून गाडी अशी उतरली जशी म्हैस पाण्यात उतरते. मागून आप्पा म्हणाले, "आता कसं. आठ पोती, वीसचा स्पीड. नोंद घे."

मग त्यांनी अमोलरावांना फोन लावला. स्पीकर नाही. मी शेजारी होतो म्हणून ऐकू आलं.

"जावईबापू, माजंच चुकलं. ती सीट खराब हाये. म्या बसून बघितलं. माजी कंबर अजून हाये का न्हाई ते चाचपतोय. पन हौद्यात आठ पोती आसली, आन्‌ गाडी वीसनं चालवली, तर अजिबात उडत न्हाई. तरी तुमी म्हणाल तसं. तिकडंच करायचं तर तिकडं. आमी दोघं तिकडं येऊ."

मग अमोलराव म्हणाले, "आप्पा, तुम्ही स्वतः बसलात मागे?"

"चार बारी."

"डॉक्टरांना विचारतो," अमोलराव म्हणाले. तासाभराने त्यांचाच फोन आला. "डॉक्टर हो म्हणाल्या. रविवारी या. मीही येतो बरोबर."

त्याच संध्याकाळी आप्पांनी शेवटचा कागद सांगितला. मी पुन्हा एकदा कुरकुर केली, पण लिहिला. "आपले म्हणणे रास्त आहे. मागील पंचनामा रद्द समजावा. गाडी रिकामी असता मागे बाईमाणूस बसवू नये. आठ पोती भरावीत. आपणांस त्रास झाला, कळावे." त्याला कुणाचंही उत्तर आलं नाही. आप्पांनी ते पाहिलंही नाही. ते हौदा धूत होते.

रविवारी आम्ही आठ पोती भात घेऊन पुण्याला गेलो आणि तीच आठ पोती घेऊन परत निघालो. वारज्यात एका दुकानदाराने गाडी बघून भाव विचारला. आप्पा म्हणाले, "विकायचं न्हाई. ते सोबतीला आलंय." अमोलराव पुढे आप्पांच्या शेजारी बसले, मागे सुवर्णा आणि पारूकाकी, आणि मी हौद्यात पोत्यांवर.

हायवे सोडून नसरापूरच्या रस्त्याला लागलो आणि मागे गाड्यांची रांग लागली. वीसचा स्पीड म्हणजे वीसच. हॉर्नचा नुसता गोंगाट. एका मोटारसायकलवाल्याने शेजारी येऊन आप्पांना म्हटलं, "ओ आजोबा, बैलगाडी घ्यायची की." मी पोत्यावर ताडकन उभा राहिलो. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, दोन पानांचं. वाटलं, आप्पा आता गाडी थांबवणार, त्याचं नावगाव विचारणार, खुलासा मागणार. ज्या माणसाने परदेशी मान हलली म्हणून नोटीस काढली, तो हे कसं सोडेल?

आप्पांनी फक्त खिडकीतून हात बाहेर काढला आणि पुढे जा म्हणून हलवला. मला केबिनच्या मागच्या काचेतून आरसा दिसत होता, आणि आरशात आप्पांचे डोळे. ते त्या मोटारसायकलकडे बघत नव्हते. सुवर्णा आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. प्रत्येक हॉर्नला ती जागी होते का, एवढंच ते बघत होते.

आता नात झाली आहे. तिला लस टोचायला भोरच्या दवाखान्यात न्यावं लागतं, आणि तेव्हा तीच आठ पोती हौद्यात चढतात, फिरून येतात आणि घरी उतरतात. म्हणून हे पत्रक. मी आजवर पुष्कळ मागण्या छापल्या, त्यातल्या थोड्या मान्य झाल्या. ही अगदी लहान आहे. नसरापूर ते वेल्हे रस्त्यावर, किंवा कापूरहोळहून भोरला जाताना, तुमच्या पुढे पोती भरलेली एखादी डबल केबिन पिकअप वीसच्या वेगाने चालली असेल, तर हॉर्न वाजवू नका. जागा मिळेपर्यंत मागे थांबा, आणि मिळाली की गुपचूप पुढे निघून जा.