कोन्या मार्गे?

सोनाळ्यात कुणी वारल्याची बातमी आली की लोक हळहळतात. सुखदेवभाऊ विचारतात, "कोन्या मार्गे?"

बातमी आणणारा आधी गडबडतो, मग "हार्टच्या" म्हणून मोकळा होतो. भाऊंचं समाधान होतं. गावाचं असो की वरचं, ठिकाण सांगितलं आणि वाट सांगितली नाही, तर त्यांच्या लेखी ती माहितीच नव्हे.

भाऊ पेंटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवण्यात त्यांची हयात गेली. भिंती ते दोन्ही पक्षांच्या रंगवतात. विश्वास मात्र 'मार्गे' या एकाच शब्दावर. मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो, पण एका शब्दयोगी अव्ययावर इतकं प्रेम मला जमलेलं नाही. एकदा पिशवी घेऊन निघालो होतो. "बाजारात," म्हणालो.

"कोन्या मार्गे, सर?"

आमच्या घरापासून बाजाराला रस्ता एकच आहे.

या वेडाचं मूळ पिंपळगावात आहे, म्हणजे दोन पिंपळगावांत. एक डोंगराकडचं, दुसरं नदीकडचं. दोन्हींच्या गाड्या आमच्या स्टँडवरून सुटतात आणि पाटी दोन्हींवर नुसती 'पिंपळगाव'. काही वर्षांपूर्वी भाऊंच्या पत्नी, कौसल्यावहिनी, एकट्याच माहेरी निघाल्या. माहेर नदीकडचं. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून कंडक्टरला विचारलं, "पिंपळगाव काय?" तो म्हणाला, "हाव, बसा." उतरल्या डोंगराखाली. परतीची गाडी संध्याकाळी. तोवर अनोळखी गावाच्या पारावर बसून राहिल्या.

"कंडक्टर खोटं नाई बोलला," वहिनी सांगतात. "गाव बी खरंच पिंपळगाव होतं. मीच खोटी पडली."

घरी आल्यावर भाऊ ओरडले, "येवढं समजत नाई तुले?" त्या दिवसापासून वहिनी एकट्या गाडीत चढल्या नाहीत. भाऊंना कामातून सवड मिळेल तेव्हाच माहेर. आणि भाऊंना स्वतःचं ते वाक्य काही विसरता येईना.

त्यांनी डेपोत अर्जांवर अर्ज केले : पाटीवर मार्गे लिहा. बऱ्याच काळाने डेपोच्या साहेबांनी स्टँडवर 'प्रवासी माहिती फलक' बसवला. नारळ फुटला, भाषणं झाली. फलकावर मान्यवरांची नावं मानाच्या क्रमाने होती. गाड्यांच्या वेळा उरलेल्या जागेत होत्या, आणि त्या जागेवर हार लोंबत होता. भाऊ मागून ओरडले, "साहेब, मान्यवर आले कोन्या मार्गे?"

शेवटी साहेबच थकले. "तुम्हीच रंगवा बरं त्या पाट्या," म्हणाले.

भाऊंनी मार्गे लिहिलं ते ठसठशीत. शिवाय ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढली. एका पाटीवर डोंगर, दुसरीवर नदीच्या नागमोडी निळ्या रेघा. पहिल्याच दिवशी एक म्हातारी किंचाळली, "बाई वं, सापाची गाडी!"

"साप नाई माय, नदी होय थे!"

"मंग पानी कुठी हाये?"

"उन्हाळा हाये!" भाऊ भडकले.

पण नाव पडायचं ते पडलंच. आता चौकशीच्या खिडकीतला माणूसही "डोंगर गेला, साप लागून राह्यला" असं सांगतो. भाऊ दर वेळी ओरडून दुरुस्ती करतात. चुकीच्या पिंपळगावात मात्र कुणी उतरत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनी एकट्या निघाल्या, तेव्हा मीही स्टँडवर होतो. भाऊ लांब उभे होते, हात मागे बांधून, एक शब्द बोलायचा नाही असं ठरवल्यासारखे. डोंगराची गाडी लागली. वहिनी हलल्या नाहीत. दुसरी लागली तशी त्यांनी पाटीकडे नीट पाहिलं, कुणाला काही न विचारता चढल्या आणि खिडकीतून मोठ्यांदा म्हणाल्या, "सापाच्या मार्गे जाऊन राह्यली हो मी!"

भाऊंनी दुरुस्ती केली नाही.

गाडी वळणाआड गेली. भाऊंचं घर स्टँडच्या मागेच, दोन मिनिटांवर. पण ते उलट्या दिशेला, नाल्याच्या वाटेला लागले. मला राहवलं नाही.

"भाऊ, घरीच ना? कोन्या मार्गे?"

ते थांबले. टोपी सारखी केली.

"लांबच्या," म्हणाले. "आठ दिवस घरी कोनी नाई, सर."