सुर्वेकाकूंची ओल

सुर्वेकाकू जे विसरायच्या ते खाली तोडणकरांच्या भिंतीवर ओल होऊन उतरायचं.

सागरदीप सोसायटीत याचं कुणाला फारसं नवल नव्हतं. रत्नागिरीत भिंती ओलावतातच आणि माणसं म्हातारी झाली की विसरतातच. दोन्ही एकाच इमारतीत झालं तर त्यात बोंब मारण्यासारखं काय आहे? काकू तोडणकरांच्या बरोब्बर वर राहायच्या आणि त्यांचं स्वयंपाकघर तोडणकरांच्या पुढच्या खोलीच्या डोक्यावर यायचं. त्यामुळे गळती कुठून होते हे शोधायचीही गरज पडली नाही.

विश्राम तोडणकर म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर. हाताला वळण उत्तम, पण सुचण्याच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद. नोकरीभर त्यांनी मावळतीचा सूर्य आणि एक होडी एवढंच काढलं. कधी होडी डावीकडे, कधी उजवीकडे. ही चित्रं नात्यातल्या लग्नांत आहेर म्हणून जायची आणि पुढे कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहायची. तोडणकरांना हे ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं.

भिंतीवर पहिल्यांदा आला तो पितळी स्टोव्ह. टाकीला एका बाजूने पोचा, एक पाय जरा वाकडा, सगळं करड्या ओलीत, पण हुबेहूब. तोडणकरांना वाटलं, ढगात हत्ती दिसतो तसलाच हा प्रकार असेल. त्यांनी कागद पुढे ओढला आणि हातातला चहा निवेपर्यंत स्टोव्ह उतरवून काढला. बऱ्याच वर्षांनी आपल्या हातून काहीतरी बरं झालं असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात सुर्वेकाकू विरजण मागायला खाली आल्या आणि भिंतीपुढे थबकल्या.

"मास्तर, हा आमचा स्टोव्ह," त्या म्हणाल्या. "कालपासून डोक्यातून गेला होता. लग्न झाल्यावर सगळा संसार याच्यावर केला. हा पोचा माझ्याच हातचा."

त्या बोलत होत्या तसतसा स्टोव्ह सुकत गेला. काकू विरजण घेऊन वर गेल्या आणि स्टोव्ह त्यांच्याबरोबर गेला. त्यानंतर त्या स्टोव्ह कधी विसरल्या नाहीत.

पुढे तोच पायंडा पडला. आदल्या दिवशी काकूंच्या डोक्यातून जे गेलं असेल ते सकाळी खाली आलेलं असायचं. काकू यायच्या, ओळखायच्या आणि घेऊन जायच्या. त्यांनी ओळखलं की भिंत कोरडी. नाही आल्या तर ओल तशीच वाट बघत थांबायची. काकूंना मूलबाळ नव्हतं, सुर्वे जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा जे काही होतं नव्हतं ते या भिंतीवरच होतं म्हणायचं.

सोसायटीचे सचिव खातू एकदा पाहणीला आले. त्यांनी ओलीला हात लावून बघितला.

"आधी हे सांगा, तक्रार आहे की नाही?"

"ओल आहे," तोडणकर म्हणाले. "तक्रार नाही."

"मग मी बैठकीत ठेवू काय? पाण्याची गळती वरच्याने बंद करून द्यायची, असा नियम आहे. विसरण्याच्या गळतीला तोच नियम लावायचा तर काकूंना नोटीस काढावी लागेल."

"नोटीस नको. त्या ती विसरतील."

"मग ती तुमच्या भिंतीवर येईल," खातू म्हणाले, "आणि पोच मिळाली असं आपल्याला धरता येईल."

एवढं बोलून ते चहा पिऊन गेले. विषय तिथेच राहिला.

तोडणकरांचं मात्र भलतंच झालं. भिंतीवर येईल ते ते कागदावर उतरवत गेले. विटेवर टेकवलेला लोखंडी कॉटचा पाय, अर्धवट विणलेली टोपी, तापलेल्या कपाळावरची ओली घडी, एसटीच्या खिडकीतून बाहेर आलेला आणि निरोपासाठी हलता हलता थांबलेला एक हात. सूर्य आणि होडी कुठल्या कुठे गेली. चित्रं आधी कोल्हापूरला प्रदर्शनात लागली, मग पुण्याला. लोक त्यांच्यापुढे उभे राहायचे आणि उगीचच घरी फोन लावायचे. कुणी विचारलं, सर, हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून, तर तोडणकर सांगायचे, "रोजच्या जगण्यातून." ते खोटं नव्हतं. कुणाच्या जगण्यातून, एवढंच ते सांगायचे नाहीत.

काकूंना चित्रांचं कौतुकच होतं. आपला स्टोव्ह पुण्याला गेला हे त्या जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या. आपलं नाव कुठे यावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. ते तोडणकरांच्या मनात यायला हवं होतं.

मग एकदा काय झालं, रेखाटन अर्ध्यावर असतानाच काकू आल्या, त्यांनी ओळखलं आणि भिंत सुकली. कुठल्याशा अंगणातली पाण्याची दगडी डोणी होती, हातची गेली. तोडणकर दिवसभर चिडचिड करत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"काकू, जरा थांबा हां, होतच आलंय."

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या. पुढे त्या रोजच बसायला लागल्या. जाता येता लोक विचारायचे, काकू, इथे का? त्या सांगायच्या, मास्तरांचं काम चाललंय. कधी कधी आपण का बसलोय हेच त्यांच्या डोक्यातून जायचं आणि त्या उठून वर निघून जायच्या. अशा दिवशी ओल रात्रभर टिकायची आणि चित्र सावकाश, मनासारखं व्हायचं. तोडणकरांनी ते बरोबर हेरलं. वाईट याचंच, की हेरलं.

पुढे जिल्ह्यातल्या एका कलामंडळाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. घरी येऊन शाल आणि नारळ देणार होते, शिवाय कॅमेरेवाले येणार होते.

"अहो, घरात माणसं येणार आणि समोर ही ओल?" हेमलताबाई, म्हणजे तोडणकरांच्या पत्नी, म्हणाल्या. "कार्य निघालं की लोक अख्ख्या घराला रंग काढतात. आपण निदान ही भिंत तरी करून घेऊ."

कार्यापूर्वी रंग काढायचा ही आपल्याकडची रीतच आहे, त्यात हेमलताबाईंचं काही चुकलं नाही. तोडणकर हो म्हणाले ते मात्र वेगळ्याच कारणाने. कॅमेरेवाले आले, त्यांच्यादेखत भिंतीवर एखादी चूल उमटली आणि शेजारच्या कोचावरून काकू म्हणाल्या, ही आमची, तर? त्यांनी गवंड्याला सांगून टाकलं. पाणी न झिरपणारा गिलावा आणि वर पांढरा रंग.

गवंडी यायचा त्या सकाळी भिंतीवर माणूस उतरत होता.

आजवर वस्तू आल्या होत्या, फार तर हात. हा पुरुष होता. मागे वळवलेले केस, एक कान, कपाळ आणि एका डोळ्याखालची सुरकुती. बाकीचा चेहरा अजून यायचा होता. हे सुर्वे आहेत हे तोडणकरांना कळायला वेळ लागला नाही. काकू आता त्यांना विसरायला लागल्या होत्या.

दारावर थाप पडली.

"मास्तर, आज काय आलंय?"

गवंडी जिन्यात माल कालवत होता. आज त्याला परत पाठवला तर पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नव्हता आणि सत्कार तोंडावर आला होता. एवढा हिशेब तोडणकरांच्या मनात झाला. मग ते दाराआडून म्हणाले, "काही नाही काकू. आज कोरडी आहे."

"बरं," काकू म्हणाल्या आणि वर गेल्या.

गवंड्याने विचारलं, "साहेब, मारू ना?" तोडणकरांनी मान हलवली आणि ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. थापीचा आवाज तिथेही येत होता.

सत्कार छान झाला. भिंत पांढरीशुभ्र दिसत होती. रोजच्या साध्या गोष्टींकडे बघायला सरांनी आपल्याला शिकवलं, असं अध्यक्ष बोलले. टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या. सुर्व्यांच्या वेळची नारिंगी काठाची साडी नेसून त्या पुढेच बसल्या होत्या. खोलीत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या चेहऱ्याकडे त्या निरखून बघायच्या आणि मग मान खाली घालायच्या. तोडणकरांना ते दिसत होतं. खांद्यावरची शाल त्यांना फार जड वाटली.

दुसऱ्या सकाळी काकू आल्या. दाराला कडी नव्हती.

"मास्तर, यांचं नाव येतं मला. आवाज येतो. जेवताना पानात पहिला भात कुठे वाढून घ्यायचे तेसुद्धा आठवतं. चेहरा तेवढा काही केल्या येत नाही. तुमच्याकडे आला होता का?"

"आला होता," तोडणकर म्हणाले. "मीच बुजवला, काकू."

काकूंनी भिंतीकडे बघितलं. रागावतील, बोलतील असं तोडणकरांना वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुरा आला होता?"

"अर्धाच."

"मग उरलेला अर्धा कुठे गेला असेल?"

 तोडणकरांनी त्याच दिवशी गवंड्याला बोलावून गिलावा खरवडून काढला. आतल्या विटा ठणठणीत कोरड्या होत्या. खातूंना विचारलं तर ते म्हणाले, "गळती बंद झाली म्हणजे काम चोख झालं. काकूंचं आता वरच्या वर कुठेतरी साचत असेल. ते काही सोसायटीच्या अखत्यारीत येत नाही."

मग तोडणकरांनी काकूंकडून सुर्व्यांचा फोटो मागून आणला. काकूंनी तो चटकन दिला.

"त्यातले ते ऑफिसातले आहेत," त्या म्हणाल्या. "ते काही माझे नव्हेत. पण तुम्हाला उपयोग होत असला तर न्या."

तोडणकरांनी भिंतीला पुन्हा गिलावा करून घेतला आणि तिच्यावर सुर्वे काढायला घेतले. फोटोतलं नाक घेतलं, जिवणी घेतली. ओलीत पाहिलेला कान आठवून आठवून घातला, डोळ्याखालची सुरकुती घातली. आयुष्यात एवढं मन लावून त्यांनी काही केलं नव्हतं. पुसायचे, पुन्हा काढायचे. जेवायला बोलावलं तर उठायचे नाहीत. हेमलताबाई एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुर्वेच आहेत हो. अगदी जिन्यात भेटायचे तसे." तोडणकरांनाही ते पटलं. हात तरी आपला आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

काकूंना हाताला धरून खाली आणलं. भिंतीसमोर खुर्ची ठेवली. काकूंनी बसायच्या आधी पदर सारखा केला, परक्या माणसापुढे करतात तसा. बराच वेळ त्या बघत होत्या. तोडणकर भिंतीकडे बघतच नव्हते, ते काकूंकडे बघत होते.

"चांगला माणूस दिसतोय," काकू म्हणाल्या. "पण आमचे हे नाहीत, मास्तर."

"मी पुसतो. पुन्हा काढतो."

"पुसू नका. कुणाचे तरी असतील. त्यांच्या घरचं कुणी शोधत आलं तर?"

चित्र आजही तिथेच आहे. काकू रोज सकाळी खाली येतात. आदल्या दिवशी काय बोललो हे त्यांच्या लक्षात नसतं, म्हणून त्या रोज नव्याने बघतात, रोज पदर सारखा करतात आणि रोज तेच सांगतात. तोडणकरांनी होडीसुद्धा काढायची सोडली आहे. एखाद्या सकाळी काकू आणखी थोडं विसरतील आणि चुकून हो म्हणतील, या आशेवर ते दार उघडून बसतात. त्या आशेची त्यांना लाज वाटते, तरी बसतात.