लिंबावरून पुढे, गेटातून मागे

शोरूमच्या माणसाने सकाळी ट्रेलर गल्लीत आणला, निशिकांतच्या गाडीला मागे जोडून दिला आणि "अंकल, आत लावून देऊ का?" असं इंग्रजीत विचारलं. निशिकांत म्हणाला, "नको. मी लावतो." हे त्याने जरा मोठ्यानेच म्हटलं, कारण ते मुलीला ऐकू जायला हवं होतं. शोरूमचा माणूस घाईतच होता. तो लगेच निघून गेला.

मुलगी म्हणजे गार्गी. ती हाताची घडी घालून गेटला टेकून उभी होती. ती सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, बुकित पंजांगला राहायची, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत नोकरी करायची आणि आज खास सुट्टी टाकून मरीन परेडला वडिलांच्या घरी आली होती. तिची अट साधी होती. हे चाकांवरचं घर बाबाने स्वतः, कुठेही न ठोकता, पोर्चमध्ये मागे घेऊन लावायचं. जमलं तर त्याने ते घेऊन एकट्याने मलेशियातून थेट थायलंडपर्यंत जावं, ती एका शब्दाने अडवणार नाही. नाही जमलं तर ट्रेलर आजच परत.

"जो माणूस स्वतःच्या घरात शिरू शकत नाही," ती म्हणाली, "तो पेनांगच्या घाटात काय करणार?"

"पेनांगला जाताना घाट लागत नाही."

"बाबा, मुद्दा तो नाहीये."

ही सहल मुळात दोघांची होती. निशिकांत रिटायर झाला की शैलाने आणि त्याने निघायचं, असं ठरलं होतं. पोर्च मोजून तो शोरूममध्ये गेला आणि त्याने छोटा ट्रेलर पसंत केला. शैला आत शिरली, ओट्यापाशी उभी राहिली आणि तिने हवेतल्या हवेत पोळी लाटून बघितली. तिचं कोपर कपाटाला लागलं.

"मी इथे लाटणार नाही," ती म्हणाली. "आणि तू पोळीशिवाय थायलंडपर्यंत जाणार नाहीस. मोठा घे."

मोठा बुक झाला. तो यायला वेळ लागणार होता. मधल्या डिसेंबरात शैला गेली, आणि जूनमध्ये ट्रेलर आला, ओट्यासकट. सगळे म्हणाले, रद्द कर. निशिकांतने रद्द केला नाही. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं नसतं.

तयारी मात्र त्याने मन लावून केली होती. जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा डबा हा ट्रेलर, पुढे चष्म्याचं घर ही गाडी, दोन पेले म्हणजे गेटचे खांब. डबा दर वेळी सुरळीत आत गेला होता. पण डब्याला चाकं नव्हती, आणि चष्म्याच्या घरात कुणी बसलेलं नव्हतं.

तो गाडीत बसून किल्ली फिरवणार, एवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून हाक आली.

"निशिकांतराव, थांबा."

सविता वहिनी जवळच्याच कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये राहायच्या. शैलाची जुनी मैत्रीण. त्यांच्या एका हातात पूजेचं ताट होतं, दुसऱ्या हातात नारळ आणि लिंबांची पिशवी.

"नवं वाहन तसंच घरात नेताय?"

"वहिनी, गल्ली अडलीय. मागून कुणी आलं तर?"

"राहुकाळ आला तर काय करणार, ते बघा आधी."

त्यांनी ट्रेलरला हार घातला, त्याच्या पांढऱ्या अंगावर स्वस्तिक काढलं आणि फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला. मग त्या लिंबं घेऊन खाली वाकल्या, आणि तशाच थांबल्या.

"तुम्ही मागे जाणार ना?"

"मागेच जायचंय. पोर्च मागे आहे."

"म्हणजे लिंबू मागे जाऊन चिरडणार?"

"त्याने काय होतं?"

"अहो, नवं वाहन. त्याचं पहिलं पाऊल मागे पडू द्यायचं?"

"मावशी," गार्गी म्हणाली, "लिंबाला कसं कळणार, कुठून आलं ते? सेम सेम लाह."

"तू गप गं. तुझ्या स्कूटीची पूजा केली नव्हतीस, शेवटी विकलीस ना?" सविता वहिनींनी ट्रेलरच्या चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं आणि उठताना सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "शैला असती तर पुढेच नेलं असतं तिने."

निशिकांतने किल्ली फिरवली आणि पुढचा गिअर टाकला. टाकणार हे सविता वहिनींना चांगलं माहीत होतं.

शोरूमच्या माणसाने ट्रेलर गेटच्या अगदी सोयीच्या कोनात उभा करून दिला होता. निशिकांतने तो कोन मोडला आणि ट्रेलर पुढे घेतला. लिंबं फुटली. सविता वहिनींनी हात जोडले. गाडी आता शेजारच्या लिम अंकलच्या गेटसमोर आडवी उभी होती, आणि मागून कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली होती. तिच्यामागे एक टॅक्सी होती.

लिम अंकल हाफ पॅन्टमध्ये, हातात किल्ली घेऊन बाहेर आले. मिसेसना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्यांनी ट्रेलरकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"वा. सो लाँग वन."

"सॉरी, लिम. टू मिनिट्स."

"नेव्हर माइंड, नेव्हर माइंड. आय हेल्प यू." त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि दोन्ही हात वर करून ट्रॅफिक पोलिसासारखे मागे ढकलायला सुरुवात केली. "गोस्तान. गोस्तान." इथल्या जुन्या माणसांचा गाडी मागे घ्यायचा हा शब्द. एवढा एकच शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"बाबा, राइट," गार्गी ट्रेलरमागून ओरडली. "मागचा भाग राइटला यायला पाहिजे. राइट, राइट."

निशिकांतने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ट्रेलर डावीकडे गेला.

"अरे, राइट म्हटलं ना?"

"राइटच फिरवलंय."

"मग तो लेफ्टला का येतोय?"

"ते त्याला विचार."

त्याने अजून उजवीकडे फिरवलं. ट्रेलर अजून डावीकडे वळला आणि लिम अंकलच्या भिंतीलगतच्या बोगनवेलीच्या कुंड्यांकडे निघाला. लिम अंकलचं गोस्तान बंद पडलं. त्यांनी सगळ्यात मोठी कुंडी पोटाशी धरून उचलली आणि ते तसेच उभे राहिले. सविता वहिनी रस्त्यावरचे करवंटीचे तुकडे वेचत होत्या. मान वर न करता त्या म्हणत होत्या, "येऊ द्या, येऊ द्या. भरपूर जागा आहे."

निशिकांतने पुढे घेतलं, परत मागे घेतलं, परत पुढे घेतलं. दर खेपेला कुणीतरी नवीन सल्ला देत होतं. टॅक्सीवाला उतरून आला आणि तोही हात हलवायला लागला. कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि डबा उघडून तो खायला बसला. शेवटी गाडी आणि ट्रेलर यांचा असा काही कोन झाला, की गाडीचं तोंड थेट लिम अंकलच्या खिडकीकडे वळलं. मिसेस लिम गाल धरून तिथे बसल्या होत्या. त्यांनी निशिकांतकडे बघून दुसरा हात हलवला. निशिकांतनेही हलवला.

गार्गी गाडीच्या खिडकीशी आली. तिच्या हातात फोन होता.

"बाबा, बास झालं. मी शोरूमला बोलावते. येतील आणि घेऊन जातील."

ती चिडलेली नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. ती त्याच्याशी हळू बोलत होती, आजारी माणसाशी बोलतात तशी. डिसेंबरपासून ती बरेचदा अशी बोलायची. निशिकांतने इंजिन बंद केलं आणि उजव्या बाजूच्या आरशात बघितलं. आरशात गेटचा खांब दिसत होता. खांबापाशी कोणी नव्हतं.

त्या खांबापाशी शैला उभी राहायची. गाडी मागे घेताना ती घराकडे तोंड करून उभी राहायची आणि आपला डावा हात तोच सगळ्या जगाचा डावा, असं धरून चालायची. उलट दिशेला तोंड करून उभ्या माणसाचा डावा म्हणजे आपला उजवा. हे निशिकांतने तिला पहिल्या वर्षी समजावलं होतं, दुसऱ्या वर्षी समजावलं होतं, मग सोडून दिलं होतं. ती डावा म्हणाली की तो निमूट उजवीकडे फिरवायचा. "बास म्हटलं की बास," असं तिने दटावलं की थांबायचा. गाडी कधी कुठे घासली नाही.

तो आरशाकडे बघत बसला. मग त्याने टेबलावरचा बिस्किटांचा डबा आठवून बघितला. ट्रेलरचं सगळं उलटं. स्टिअरिंग उजवीकडे, तर तो डावीकडे. शैलाचंही सगळं उलटं.

"गार्गी, फोन नंतर कर. त्या खांबापाशी जा."

"कशाला?"

"आई उभी राहायची तिथे. घराकडे तोंड कर. आणि तुझा डावा हात, त्यालाच डावा म्हण."

"पण ते चूक आहे, बाबा."

"चूकच सांग."

गार्गीने सविता वहिनींकडे बघितलं. सविता वहिनींनी खांदे उडवले. ती जाऊन खांबापाशी उभी राहिली, आरशात पूर्ण दिसेल अशी.

निशिकांतने गाडी पुढे घेऊन सरळ केली आणि पाय हलका ठेवून मागे सोडली.

"डावीकडे," गार्गी म्हणाली.

त्याने डावीकडे फिरवलं. इतकी वर्षं तो तिच्या आईच्या शब्दाला मनात उलटवून घेत होता. आज पहिल्यांदाच त्याने जसं सांगितलं तसं केलं. ट्रेलरचं मागचं टोक गेटकडे वळलं.

"अजून डावीकडे. आता थोडं उजवीकडे. उजवीकडे म्हटलं ना मी."

ट्रेलर गेटात शिरला. लिम अंकलनी कुंडी खाली ठेवली. टॅक्सीवाला गप्प झाला. निशिकांत गाडी मागे सोडत राहिला. शैला आयुष्यभर ट्रेलरच्याच सूचना देत होती. घरात ट्रेलर नव्हता, यात तिचा काय दोष?

"बास," गार्गी म्हणाली. आणि त्याने तरीही जरासं सोडल्यावर, "बास म्हटलं की बास."

सविता वहिनींनी चमकून तिच्याकडे बघितलं आणि पदराने उगाच ताट पुसलं.

कुठेही ओरखडा नव्हता. लिम अंकलनी स्वतः वाकून दोन्ही बाजू तपासल्या आणि अंगठा दाखवून मिसेसना घेऊन डॉक्टरकडे गेले. कचऱ्याच्या गाडीवाला उरलेला डबा बंद करून कामाला लागला. निशिकांतने गाडी सोडवली, रस्त्याच्या कडेला लावली आणि गेट सरकवलं. गेट बंद झालं नाही. ट्रेलरच्या पुढचा, गाडीला जोडायचा लोखंडी दांडा वीतभर बाहेर आला होता.

"बाबा, तू मोजलं होतंस ना?"

"घर मोजलं होतं. दांडा कोण मोजतं?"

"म्हणजे आता गेट उघडंच राहणार?"

"ट्रेलर इथे आहे तोवर."

"त्या दांड्याला कुंकू राहिलंय," सविता वहिनी म्हणाल्या आणि ताट घेऊन पुढे झाल्या.

गार्गीने उघड्या गेटकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं, मग ती बाजूला जाऊन फोनवर बोलायला लागली. ट्रेलरच्या पायरीवर उभं राहून निशिकांत कान देऊन ऐकत होता.

"येस बॉस, लीव्ह फ्रॉम नेक्स्ट वीक. थ्री वीक्स, कॅन? नो, नो वेडिंग. विथ माय फादर. गेट कॅनॉट क्लोज, सो मस्ट गो फास्ट." मग जरा थांबून, "कॅन ड्राइव्ह, बट रिव्हर्स कॅनॉट मेक इट लाह. समवन मस्ट स्टँड बिहाइंड."

निशिकांत ट्रेलरच्या आत गेला आणि पलंगावर बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शोरूमचा माणूस होता.

"अंकल, सॉरी. घाईत एक सांगायचं राहिलं. पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये रिमोट आहे. ट्रेलरच्या चाकांना छोट्या मोटरी आहेत. गाडी सोडवायची, बटण दाबायचं, ट्रेलर आपला आपण मागे जातो. अगदी लहान मूलही लावू शकतं. मागे कोणी उभं राहायची गरज नाही."

निशिकांतने ड्रॉवर ओढला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत रिमोट होता, मागे आणि पुढे असे बाण असलेला. त्याने तो हातात घेऊन बघितला, पिशवीत परत घातला आणि पिशवी ड्रॉवरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात सारली.

गार्गी दारात आली.

"कोणाचा फोन?"

"शोरूमचा. ट्रेलर आत गेला का, विचारत होता."

"मग काय सांगितलंस?"

निशिकांतने टाचेने ड्रॉवर हळूच आत लोटला.

"म्हटलं, मुलगी मागे उभी होती म्हणून गेला."