करपलेल्या पाकाचा माग

बिस्किटांच्या कारखान्यातली नाकूताईची नोकरी कायम होणार की नाही, हे त्या दिवशी संध्याकाळी ठरणार होतं, आणि नेमका सकाळीच तिला पाक करपल्याचा वास आला! नाकूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे बरं का. तिचं कामच हुंगायचं. ती 'बरं आहे' म्हणाली की बिस्किटं पेटीत, नाक मुरडलं की बाद. म्हणून भट्टी सांभाळणाऱ्या मामांनी ठेवलेलं ते नाव.

"मामा, साखर करपतेय."

"माझ्या भट्टीत? पोरी, इथे केस पिकले माझे. काही करपत नाहीये!"

मालक तिच्या खांद्यामागेच उभे होते. कायम करायचं तर काम बघायला नको का? सकाळपासून सावलीसारखे मागे. म्हणाले, "वास येतोय ना? मग शोध!"

शोधला की! पाकाची कढई बघितली, चकचकीत. तरी पुन्हा घासून घेतली, तरी वास. भट्टी बंद केली, आतले पत्रे बाहेर काढले. भट्टी गार पडली, मामा तापले, वास मात्र होता तिथेच. मग गोदामात कालच्या पेट्या फोडल्या. तिथेही वास! बाहेर लॉरीवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय. "आता लॉरी तेवढी राहिली," मालक म्हणाले, म्हणून दोघं लॉरीत चढली. लॉरी रिकामी, झाडून ठेवलेली, आणि आत मस्तपैकी करपलेला पाक!

"लॉरीपण करपली का गं?" मालकांचा पारा चढला. "संध्याकाळपर्यंत सापडलं नाही ना, तर उद्यापासून घरी बसून आईच्या फोडण्या हुंग!"

नाकूताईच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. तेवढ्यात मालकांना बायकोचा फोन आला, म्हणून ते उतरून लांब गेले. आणि वास गेला! अगदी साफ! फोन संपला, मालक परत आले, वासही आला. ती चपापली. एक पाऊल पुढे झाली, मग मागे, मग मालकांच्या भोवती फिरून आली.

"माझ्याभोवती काय गिरक्या घेतेस?"

"साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावलेलोच आहे. विचार."

"सकाळी काय खाल्लंत?"

"खायला देतंय कोण? गुडघ्यांसाठी बायकोनं मेथीदाणे लावलेत. रोज मूठभर भिजवलेले, वर त्यांचंच पाणी. कडूजहर नुसतं!"

नाकूताईनं कपाळावर हात मारला. "सापडला, साहेब! पाक म्हणजे तुम्हीच!"

"काय बडबडतेस? मेथी कडू, पाक गोड!"

"तोंडात कडू हो! पण मेथीत वासाचा एक अंश असतो. बाकीचं पोटात मोडतं, बदलतं. हा पठ्ठ्या मात्र तसाच शाबूत राहतो आणि घामातून बाहेर येतो. बाकीच्या वासांची गर्दी हटली ना, की उरतो तो जळक्या साखरेसारखा."

एव्हाना लॉरीपाशी आलेल्या मामांनी पुढे होऊन मालकांची कॉलर हुंगली. "आयला! साहेब, तुम्ही तर खरपूस भाजलात की!"

मग मालकच हसत सुटले. "एवढ्या कारखान्यातून मला हुडकून काढलंस? जा, कायम!"

"कायम ना? मग साहेब, आता भट्टीपाशी आणि गोदामात यायचं नाही. खरंच काही करपलं तर मला कळणार कसं?"

"मग मी बसू कुठे?"

"केबिनमध्ये. दार लावून."

मालक बसले बिचारे. पुढच्या आठवड्यात मात्र कंटाळून म्हणाले, "बस झालं, मेथी सोडतो आणि पुन्हा भट्टीपाशी येतो." संध्याकाळच्या आत मामा केबिनच्या दारात हजर, हातात मेथीची ही मोठी पुडी, मागे पॅकिंगच्या सगळ्या बायका.

"साहेब, असं नका करू! चालण्यात केवढा फरक पडलाय तुमच्या! उलट थोडी वाढवाच."

"हो ना, तब्येतीशी खेळू नये," बायकांनी माना डोलावल्या.

मालकांना भरून आलं. "माझ्या गुडघ्यांची इतकी काळजी तुम्हाला? नाकूताई, तुला काय वाटतं गं?"

नाकूताईनं मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघत होते.

"गुडघ्यातलं मला काय कळतं, साहेब," ती म्हणाली. "पण ते दार तेवढं नीट लावून घ्या."