पायडल मारणारा

"अहवाल चांगला आला तर तू कायम. नाही तर नमस्कार," साहेबांनी सांगितलं. नवा संशोधक घाबरला. होणाऱ्या सासऱ्यांना त्यानं 'कायम आहे' असं आधीच ठोकून दिलं होतं.

यंत्र साधं होतं. सायकलसारखं पायडल मारायचं, आत कपडे धुतले जातात. खेड्यात वीज जाते, म्हणून तिथं ते खपलं. शहरात वीज जात नाही, पण पोटं सुटतात, म्हणून इथंही खपेल, असा साहेबांचा तर्क. शहरी माणसाला त्यात काय बदल हवेत, एवढं घरोघरी जाऊन विचारायचं. एकच सक्त ताकीद होती : ग्राहकाला तसदी द्यायची नाही.

पहिल्याच घरात काकू म्हणाल्या, "आधी तू दाखव ना रे."

त्यानं पायडल मारायला घेतलं. काकू पंख्याखाली बसल्या.

"दमायला होतं का हो, काकू?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"छे! मला तर काहीच जाणवत नाही."

त्यानं तसंच लिहून घेतलं. शिकलेला होता ना!

शेजारच्या घरातून पडदे निघाले, त्यापुढच्या घरातून पाहुण्यांच्या चादरी. इमारतभर बातमी पसरली.

"परत कधी येणार, भाऊ? तोवर धुणं साठवून ठेवते."

ग्राहक यंत्राची वाट बघतोय, या कल्पनेनं तो हरखला. बदल काय हवा, तर सगळ्यांचं एकच म्हणणं : सीट मऊ करा. "टोचत असेल रे तुला," काकू कळवळून म्हणाल्या. त्यानं फक्त 'सीट टोचते' एवढंच लिहिलं.

अहवाल वाचून साहेब खूश. मऊ सीटची यंत्रं बनली, अख्ख्या इमारतीनं घेतली. आठवडा झाला नाही, तोच सगळी यंत्रं टेम्पोत घालून लोक कंपनीच्या दारात. पुढे काकू.

"लबाड आहात! अर्धंच सामान पाठवलंत!"

"काय राहिलं, बाई?"

"हा काय, तुमच्या मागे उभाय!"

साहेबांनी मागे वळून संशोधकाकडे पाहिलं. "चालता हो. उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

"अहो, त्याला काढताय कशाला?" काकू कडाडल्या. "त्याला पाठवा, आम्ही यंत्रं आत्ता परत नेतो. नाही तर पैसे टाका."

साहेबांनी टेम्पोकडे पाहिलं, मग पोराच्या पोटऱ्यांकडे.

"हा आमचा कायम माणूस आहे," ते गोड हसून म्हणाले.

"रविवारी येईल?"

पोरानं तोंड उघडलं.

"रविवारीसुद्धा," साहेब म्हणाले.