गाडी बंद करू नको

मार्थाबाई कुणाच्याही घरी गेल्या, की आधी मागच्या दारी जात. पुढच्या दाराशी यजमान हात जोडून उभा, चुलीवर चहाचं आधण, आणि बाई परसात संडासाचं दार उघडून आत डोकावतायत. "आधी मागलं, मंग पुढलं," हे त्यांचं ब्रीद. मागलं नीट निघालं तर चहा घ्यायच्या. नाही निघालं तर यजमानाच्या हातात खराटा द्यायच्या आणि चहा गार व्हायचा. एकदा नात्यातल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेल्या, तिथंही तेच. परत येऊन निकाल दिला, "पोरगा लई चांगला हाय. संडासाला कडी नाय. नको."

शहराच्या छावणीतल्या ख्रिस्ती मंडळीनं गावोगाव हापसे बसवायला आणि संडास बांधायला एक समिती काढली होती. बाई तिच्या प्रचारिका, आणि मी समितीच्या जीपचा ड्रायव्हर. मी वेंगुर्ल्याकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी न बोलावता घरात येतं. इकडे माणसं हंडे घेऊन त्याच्यामागं हिंडतात, हे बघून मी पहिले काही दिवस बावरलोच होतो. मंडळीच्या पाळकसाहेबांनी शाळेचा दाखला न मागता गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. एक दिवस ते दाखला मागतील ही धास्तीही कधी गेली नाही.

त्या धास्तीत बाई रोज भर घालायच्या. कुठंही उतरल्या की पहिला हुकूम, "गाडी बंद करू नको."

"बाई, डिझेल जळतंय."

"जळू दे. बसाया आलो नाय आपन."

बाई गावभर फिरत, बायकांना पाणी उकळायला सांगत, पोरांची नखं बघत, आणि मी घुरघुरत्या जीपमध्ये हिशेब कसा द्यायचा या काळजीत. संध्याकाळी छावणीत त्यांना घराशी सोडावं, तर कुलूप काढून आत जात आणि लगेच बाहेर येत.

"कोकण्या, चल. शहागंजाच्या बाजारातून हापश्याचं वायसर आणू."

"दुकानं मिटली असतील, बाई."

"मंग मिटली का बघून येऊ."

बाईंचे पती याकोब मिस्त्री समितीचे ओटे बांधायचे. मी येण्याआधीच ते वारले होते. हापश्याभोवती ओटा घातला, की मागच्या कठड्यावर सिमेंटचा वीतभर क्रूस उठवायचा ही त्यांची पद्धत. समितीला त्याचं कौतुक, फोटोत तो छान दिसायचा.

अजिंठ्याच्या रस्त्याला एका धनगरवस्तीवर मात्र या क्रुसानं घोळ घातला. तिथं आधीच्या बोअरना नुसती धूळ लागली होती. मिस्त्रींच्या हापश्याला गोड पाणी लागलं, आणि वस्तीनं ठरवलं, हा कठड्यावरचा देव पावला. क्रुसाला शेंदूर लागला. मेंढराच्या गळ्यातली घंटा बांधली गेली. गुरं येऊ नयेत म्हणून भोवती काट्यांचं कुंपण झालं. रोज सकाळी एक तांब्या हापसायचा, देवाला घालायचा आणि पाया पडायचं. प्यायला पाणी आणायचं ते मात्र पहिल्यासारखं ओढ्यातून.

त्या उन्हाळ्यात ओढ्याचं डबकं झालं. वस्तीतली लेकरं हगवणीनं लोळागोळा झाली. ठकूबाई म्हणून वस्तीतली वडीलधारी म्हातारी, तिच्या नातवाला तर आम्हीच जीपमधून दवाखान्यात पोचवला. तो वाचला.

"ठके, दारात गोड पानी अन् लेकराला गटार पाजती व्हय गं?" मार्थाबाई कडाडल्या.

"बाई, देवाच्या अंगणात हंडा कसा घासावा? पाप लागंल की."

"अगं, देवानंच दिलंय ते पानी!"

"म्हनूनच की. त्याचं त्यालाच वाहतो."

मग पाळकसाहेब स्वतः आले. क्रुसाचा महिमा त्यांनी मन लावून समजावून सांगितला. लोकांनी डोळे पुसत ऐकला आणि दुसरा नारळ फोडला.

पुढच्या खेपेला बाई जीपमध्ये बसल्या ते मांडीवर छन्नी-हातोडी घेऊनच.

"बाई, समितीला विचारूया. पाळकसाहेब मला काढतील."

"समिती ओढ्याचं पानी पिती का? चल."

वस्तीवर मला वाटलं, आता मार बसतो. पण बाई कुंपणाशी चपला काढून उभ्या राहिल्या आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ठकूबाई, ह्यो देव माझ्या घरचा हाय. माझ्या मालकानं हितं बसवला. आता घरी न्याया आले."

म्हातारीनं कुंपणाची एक काटी बाजूला ओढली. "घरचा असंल तर ने माय. पर देव मुक्यानं जाऊ नये."

मग ढोल निघाले. ढोलाच्या दणदणाटात बाईंनी स्वतः छन्नी चालवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. क्रूस एका बाजूनं तडकला, पण निघाला. पदरात घेऊन त्या जीपमध्ये बसल्या. पुढं ढोल, वर भंडारा, माझ्या बॉनेटवर नारळ. असा देव मी छावणीपर्यंत आणला.

"क्रूस काढलात?" पाळकसाहेब उठून उभेच राहिले.

"काढला नाय, साहेब. घरी आनला."

साहेब खाली बसले. मला वाटलं, आता दाखला मागतात. त्यांनी चहा मागवला.

पुढं त्या वस्तीवर गेलो तेव्हा कुंपण चुलीत गेलं होतं. हापश्यावर झुंबड. एक सून बाळाची दुपटी धूत होती, ठकूबाई राखेनं हंडा घासत होती, तिचा नातू धारेखाली उघडा नाचत होता. बाई उतरल्या, आणि संडासाकडं न जाता नीट ओट्याकडं गेल्या.

"सरा गं, मिस्तरीणबाईला जागा द्या," ठकूबाई म्हणाली.

कठड्यावर क्रुसाचा खडबडीत वण होता. त्याच्या खाली, ओल्या सिमेंटात कधीतरी उठलेली चार बोटं. बाईंनी त्यावरची राख पाण्यानं धुतली आणि त्या खळग्यांत आपली बोटं ठेवली.

मी पाण्याचा डबा भरायला जवळ गेलो होतो. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "ह्यो त्यांचा शेवटला ओटा. अंगात ताप अन् घोटत बसले होते. म्हनले, पानी साचाया नको." बोटं न काढता पुढं म्हणाल्या, "पुन्ना थापी धरली नाय."

नातवानं त्यांच्या अंगावर पाणी उडवलं. एरवी त्यांनी त्याची नखं तपासली असती. त्या पदर सावरून ओट्याच्या कडेला नीट बसल्या.

"कोकण्या."

"काय, बाई?"

"गाडी बंद कर."

मी जीपपाशी जाऊन किल्ली फिरवली. जीप गप्प झाली. हापसा तेवढा चालू होता.