सासरा बापडा राजी

"आमाले काही नको. हुंडा म्हणू नका, भांडे म्हणू नका, आंगठी बी नको. पोरगी द्या, बस," असं आनंदराव म्हणाले आणि त्याच क्षणी लाईट गेली.

लाईट गेली तसा खिडकीतला कूलर घरघरत थांबला. मरोद्याच्या त्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकदम शांतता पसरली. आतापर्यंत कूलरच्या आवाजात बुडालेला आतल्या खोलीतल्या मुलीचा आवाज आता खणखणीत ऐकू येऊ लागला.

"बेटा मागे कार, सासरा बापडा राजी. बेटा मागे कार, सासरा बापडा राजी."

सोफ्यावर बसलेल्या केवलरामांच्या हातातला चिवड्याचा चमचा तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबला. ते शहरातल्याच खुर्सीपारहून आपल्या मुलीसाठी, गुंजनसाठी, घर पाहायला आले होते. सोबत पत्नी मथुराबाई होत्या. मुलगा अतुल रेल्वेत टेक्निशियन, बाप स्टील प्लांटात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला, घर स्वच्छ, माणसं सालस. सगळं इतकं छान जुळत होतं की मथुराबाईंनी मनात मांडवाची जागासुद्धा ठरवून टाकली होती.

केवलरामांनी आनंदरावांकडे पाहिलं. आनंदराव प्रसन्नपणे हसत होते.

खरं म्हणजे आनंदरावांना काहीच ऐकू आलं नव्हतं. रेल मिलच्या खडखडाटात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. समोरचा माणूस बोलला तर निम्मं कानांनी आणि निम्मं ओठांवरून त्यांना समजे. बंद दारापलीकडचं समजायचा प्रश्नच नव्हता. पण ही गोष्ट पाहुण्यांना कोणी सांगितली नव्हती. स्थळ पाहायला आलेल्यांना असल्या गोष्टी आधी सांगत नाहीत.

"ऐकलं का?" केवलराम बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"ऐकलं," मथुराबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "सासरा बापडा म्हंजे तुमी."

आत खुशबू, म्हणजे आनंदरावांची मुलगी, येरझारा घालत होती. दुसऱ्या दिवशी तिचा बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा केमिस्ट्रीचा पेपर होता आणि सगळी उजळणी शेवटच्या दिवसावर येऊन पडली होती. कानात इयरफोन घालून ती मोबाईलवर सरांचं लेक्चर ऐकत होती. कान बंद असलेला माणूस स्वतः किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कधीच कळत नाही.

"ही नेहमी आरडते, करते झगडा रानटी," आतून आवाज आला. मग जरा थांबून, घोकल्यासारखं, पुन्हा तेच आलं. "ही नेहमी आरडते, करते झगडा रानटी."

मथुराबाईंचा आवाज जन्मापासूनच मोठा होता. मघाशी आल्या आल्या त्यांनी दारातून "येऊ का जी" म्हणून हाक दिली तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधलं कुत्रं उठून बसलं होतं. त्यांनी पदर सावरला आणि त्या खोलीच्या दाराकडे एकटक पाहत राहिल्या.

केवलरामांनी ठरवलं की उगाच संशय धरण्यापेक्षा सरळ विचारावं. ते थोडे पुढे सरकले.

"आनंदरावजी, तुमी कार घेता का?"

आनंदरावांनी ओठांकडे पाहिलं. 'कार' त्यांना नीट दिसलं, पण लग्नाच्या बोलण्यात गाडी कुठून येणार? त्यांच्या डोळ्यांपुढे मागच्या बाडीतला, परसातला, कारल्याचा वेल आला.

"घेतो न जी," ते उत्साहानं म्हणाले. "आमच्या घरी सगळ्याईले आवडते. तुमी जेवढी आणान तेवढी कमीच पडन."

केवलरामांनी चमचा बशीत ठेवला. एका कारनं भागत नाही असा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

तेवढ्यात अतुल बाहेरून आला. लाईट गेलेली पाहून तो शरबतासाठी कोपऱ्यावरून बर्फ आणायला गेला होता. बर्फाची पिशवी हातात धरून तो पाहुण्यांसमोर अवघडून उभा राहिला. होणाऱ्या सासऱ्यांशी काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी काहीतरी विचारावं अशीच त्याची इच्छा होती.

"अतुलबाबू," केवलराम म्हणाले, "तुमाले कार कोणती आवडते?"

अतुलला बरं वाटलं. विषय सोपा होता.

"लाल," तो म्हणाला. "पण छोटी. मोठी ठेवायले इथं जागाच नाही. पप्पा म्हणते सफेद घे, पण मले लालच पसंद हाये."

"म्हंजे घरात चर्चा झाली हाये," मथुराबाई म्हणाल्या.

"हो न, रोजच चालते," अतुल म्हणाला आणि बर्फ फोडायला आत गेला.

मथुराबाई उठल्या. हात धुते म्हणून त्या मागच्या बाडीत गेल्या आणि नळाशी उभं राहून त्यांनी आधी गुंजनला फोन लावला. गुंजन वैशाली नगरातल्या एका कोचिंगमध्ये विज्ञान शिकवायची. रविवारचा क्लास नुकताच सुटला होता.

"लोकं चांगले नाहीत, बेटा. तोंडावर काही नको म्हणते, आन आतून पोट्टी गाणं म्हणून कार मागून राहिली. लाल. मले रानटी म्हणलं."

"गाणं म्हणून?" गुंजननं विचारलं.

"चालीवर."

"मैं आ रही हूँ," गुंजन म्हणाली आणि फोन बंद झाला.

मग मथुराबाईंनी आपल्या थोरल्या भावाला, भय्याजींना, फोन केला. नात्यातली लग्नं भय्याजींच्या सल्ल्याशिवाय ठरत नसत. भाऊ संतापेल, गाडी काढून लगेच येईल, असं त्यांना वाटलं होतं. भय्याजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लाल म्हणलं न?" ते म्हणाले. "बरं हाये. म्हंजे घराणं ठीक दिसते. पोट्ट्याले आपली किंमत माहीत हाये."

मथुराबाईंनी फोन बंद केला, नळ सोडला आणि खरोखरच हात धुतले.

त्या परत आल्या तेव्हा शालूताई, म्हणजे अतुलची आई, गरम आलुबोंड्यांची थाळी घेऊन स्वयंपाकघरातून आल्या होत्या. सकाळपासून त्या चुलीशी होत्या आणि बाहेर काय घडलं याचा त्यांना पत्ता नव्हता.

"घ्या न, ताई."

"नको जी," मथुराबाई म्हणाल्या. "घशाखाली नाही उतरत."

"कावून? तब्येत बरी नाही का?"

"रानटी माणसाची तब्येत कायची बिघडते."

शालूताई थाळी धरून तशाच उभ्या राहिल्या. पाहुण्यांसमोर इतकं विचित्र वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आनंदराव अजून हसत होते आणि केवलरामांना सांगत होते, "यंदा तर ढीग लागला. शेजारीपाजारी बी देऊन राहिले."

"शेजारी बी देऊन राहिले?" केवलरामांनी कपाळाचा घाम पुसला.

"पिशव्या भरभरून."

दाराशी स्कूटी थांबली. गुंजन आत आली ती हेल्मेट हातात धरूनच. सडपातळ, उन्हानं लाल झालेली आणि भयंकर रागावलेली. घर पाहायच्या कार्यक्रमाला मुलगी स्वतः येत नाही, ही रीत तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होती. त्यामुळे शालूताईंच्या हातून एक आलुबोंडा निसटून जमिनीवर पडला आणि सोफ्याखाली गेला.

"नमस्ते," गुंजन म्हणाली. "कार कोणाले पायजे?"

बर्फाचा पेला घेऊन अतुल दारात आला होता, तो तिथेच खिळला. फोटोत पाहिलेली मुलगी समोर उभी होती आणि ती आपल्याकडे कार मागत्येय की आपल्याला देत्येय हेच त्याला कळत नव्हतं.

"तुमाले पायजे?" तिनं त्याला विचारलं.

"मले? मी कायले मागन? मी तर बर्फ आणाले गेलो होतो."

"लाल म्हणले न तुमी," केवलराम म्हणाले.

"तुमी विचारलं म्हणून सांगतलं जी. आवडते कोणती, असं विचारलं तुमी. मी सोताच्या पैशानं घेईन कधीतरी."

"आन गाणं?" मथुराबाईंचा आवाज आता पूर्ण उंचीवर गेला. "ते कोण म्हणून राहिलं होतं?"

"कोणतं गाणं?" शालूताई थाळी धरूनच म्हणाल्या.

याचं उत्तर आतूनच आलं. लेक्चरमधल्या सरांनी बहुधा पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगितलं होतं.

"बेटा मागे कार, सासरा बापडा राजी."

शालूताईंनी थाळी टेबलावर ठेवली. गुंजननं सगळ्यांना थांबायची खूण करत हात वर केला. तिचे ओठ हलू लागले. बोटांवर ती काहीतरी जुळवत होती.

"बेरिलियम," ती हळूच म्हणाली. "मॅग्नेशियम. कॅल्शियम. स्ट्रॉन्शियम. बेरियम. रेडियम."

"काय झालं हिले?" मथुराबाई घाबरल्या. "ऊन लागलं वाटते."

गुंजननं जाऊन आतलं दार ढकललं. केसांचा बुचडा बांधलेली, डोळे मिटून गोल गोल फिरणारी खुशबू तिला धडकली. तिनं डोळे उघडले, समोर हेल्मेट घेतलेली अनोळखी मुलगी पाहिली आणि किंचाळायचंसुद्धा विसरून गेली. गुंजननं तिच्या कानातला इयरफोन काढला.

"कल पेपर है?"

"हाँ," खुशबू म्हणाली. "जनरल केमिस्ट्री."

"दुसरा ग्रुप चालू हाये न?"

"हो. सगळ्या पोरी मूलद्रव्याईची नावं हिंदी वाक्यात बसवून पाठ करते. मले लक्षात नाही राहत. म्हणून मीच मराठीत वाक्यं बनवले." मग तिला दारात गर्दी करून उभे असलेले चेहरे दिसले. "काय झालं?"

काय झालं ते तिला सांगायला बराच वेळ लागला, कारण प्रत्येकजण वेगळ्या जागेपासून सुरुवात करत होता. आनंदरावांना तर सगळं कानाशी जाऊन पुन्हा सांगावं लागलं. कारलं आणि कार यांतला फरक समजल्यावर त्यांचं हसू मावळलं आणि त्यांनी केवलरामांपुढे हात जोडले.

"सासरा म्हंजे मी नव्हे तर मग?" केवलरामांनी खात्री करून घेतली.

"सासरा म्हंजे स्ट्रॉन्शियम, काकाजी. त्याची खूण एस आर," खुशबू म्हणाली. ती रडकुंडीला आली होती.

"आन रानटी?" मथुराबाईंनी विचारलं.

"रेडॉन, काकू. शेवटच्या ग्रुपमधला वायू. तो कोणासंगच भांडत नाही. एकदम शांत राहते."

मथुराबाईंना हे पटायला थोडा वेळ लागला, पण पटलं. त्यांनी थाळीतला आलुबोंडा उचलला. ते पाहून शालूताईंना हायसं वाटलं.

गुंजन मात्र बाहेर आलीच नाही. ती खुशबूच्या पलंगावर बसून तिचं पुस्तक चाळू लागली. पोरीला मूलद्रव्यांची नावं येत होती, पण ती मूलद्रव्यं एकमेकांशी जोडली कशी जातात हे अजिबात येत नव्हतं. पेपर उद्यावर होता. गुंजनला राहवेना.

"हे पाय," तिचा आवाज बाहेर येऊ लागला. "सोडियम एक इलेक्ट्रॉन देते. क्लोरीन तो घेते. मगच ते दोघं जुळते."

"त्याईच्यात चालते देणं-घेणं," केवलराम बाहेरून म्हणाले, आणि आनंदरावांना कानाशी हे वाक्य सांगितल्यावर ते पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. अतुलनं शरबताचे पेले भरले. त्यातला एक तो आत नेऊन देऊन आला आणि बराच वेळ परत आला नाही. लाईट आली. कूलर सुरू झाला. सगळं पुन्हा जुळत आलं होतं.

तेव्हा केवलरामांचा फोन वाजला. भय्याजी होते. केवलरामांनी सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि अभिमानानं सांगितलं, "गलतफहमी झाली होती, भय्याजी. हे लोक काहीच मागत नाहीत."

भय्याजींनी आधी नीट ऐकू आलं का याची खात्री करून घेतली.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. आंगठी बी नको म्हणते."

"कावून?" भय्याजींचा आवाज बदलला. "सरकारी नोकरी, घरचं सगळं ठीक, आन काहीच नको? काहीतरी खोट असन जिजाजी. मी हात जोडून सांगतो, नीट चौकशी करा. एवढ्या चांगल्या लोकाईत पोरगी देऊ नका."

केवलरामांनी घाईनं फोन बंद केला. पण स्पीकर मोठा होता. या वेळी आनंदरावांनाही प्रत्येक शब्द ऐकू आला होता.

"आनंदरावजी," केवलराम खाली मान घालून म्हणाले, "आमचे सोयरे असेच हायेत. तुमी छोटीशी काही तरी वस्तू मागा न. माझ्यासाठी. त्याईले सांगायपुरतं."

आनंदरावांना वाटलं आपल्याला पुन्हा चुकीचं ऐकू आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. शालूताईंनी मान हलवली. बरोबर ऐकू आलं होतं.

"ठीक हाये," आनंदराव म्हणाले. "मागतो. लग्नात पंगत बसन तेव्हा तुमच्या भय्याजीईनं कमरेले गमछा बांधून वाढाचं. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत. दुसरं काही नको."

केवलराम आणि मथुराबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावरचा रंग पुन्हा उडाला होता.

"भय्यानं आजवर सोताच्या हातानं पाणी नाही घेतलं जी," मथुराबाई कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जरा विचार करा. कारचं पाहता येईन का?"